तातार मागे लागलेला नाही

१० सप्टेंबर २०१९, मंगळवार

ही वही लेंकेने दिली. माझी ही धाकटी बहीण शोप्रोनला असते. तिच्या मते निवृत्त माणसाने दैनंदिनी लिहिली की वेळ बरा जातो. माझा वेळ आधीच बरा जातो, उलट पुरत नाही. पण कोरी वही पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून लिहिते आहे.

आज दोन कामं एकदम सुरू झाली. सेगेदच्या एका लहान प्रकाशकाला शाळकरी मुलांसाठी पातळ पुस्तकं काढायची आहेत, इंग्रजी वाक्प्रचार आणि शेजारी हंगेरियन. जेवण, हवामान, पैसा, वेग, यातला कोणताही विषय घ्या म्हणाले. मी वेग घेतला. जेवण सोपं गेलं असतं, पण बोट वेगावर पडलं. दोनशे वाक्प्रचार, मार्चअखेर.

दुसरं काम म्हणजे नवा विद्यार्थी. बर्नाट वेंडेल, वय अठ्ठेचाळीस, राहायला नदीपलीकडे, जलखात्यात पूरबांधांच्या विभागाचा प्रमुख. प्रमुख म्हणजे प्रभारी, आणि तेही अकरा वर्षं. त्याचं कॉलेज झालं, प्रबंध झाला, शेवटची तोंडी परीक्षाही झाली. फक्त परक्या भाषेची परीक्षा राहिली, म्हणून पदवीचा कागद कॉलेजच्या कपाटात पडून आहे. आपल्याकडे अशी माणसं एकेका गल्लीत तीन-तीन सापडतात. आता खात्याचं पत्र आलंय, तीस जूनपर्यंत पदवी दाखवा नाहीतर जागा दुसऱ्याला. तो दुसरा ठरलेलाही आहे. सत्तावीस वर्षांचा आहे आणि बांधावर चालताना त्याला बुटांची काळजी वाटते, असं बर्नाट म्हणाला. तासाभरात आपणहून बोललेलं त्याचं हे एकच वाक्य.

तास पाचचा. साडेचारलाच तो फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेला दिसला. आत या म्हटलं तर म्हणाला, "पाच वाजू देत, बाई. फेरीबोट लवकर सुटली, त्यात तुमचा काय दोष?"

हल्ली मला सगळे इल्का मावशी म्हणतात. हा पहिल्याच दिवशी बाई म्हणतो, सवय असल्यासारखा.

२४ सप्टेंबर

बर्नाट मंद नाही, सावकाश आहे. दोन्हींत फरक आहे असं मी वर्गात नेहमी सांगायचे, पण माझा स्वतःचा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

त्याला प्रश्न विचारला की तो आधी खिडकीकडे बघतो. मग उत्तर येतं ते अख्खं पान, पाठ केलेलं, स्वल्पविरामांसकट. मध्येच अडवलं की पहिल्यापासून सुरुवात. मी कोंबडीच्या आकाराचं अंडी उकडायचं घड्याळ सात मिनिटांना लावते, कारण तोंडी परीक्षेत विषयाची चिठ्ठी उचलली की बोलायला तेवढीच मिळतात. कोंबडी वाजते तेव्हा हा दुसऱ्या परिच्छेदात असतो.

आधी कुठे शिकलात, असं विचारलं. शहाण्णव साली, इथेच, कामगार भवनात संध्याकाळच्या वर्गाला, म्हणाला. त्या काळी इथे असे सहा-सात वर्ग चालायचे, त्यातले दोन माझेही होते. तेव्हा जो तो इंग्रजी शिकवायचा, पोस्टमास्तरसुद्धा. शिकवायला कोण होतं, हे विचारल्यावर त्याने टोपीची किनार चाचपली.

"चांगल्या होत्या. घाईत असायच्या."

जी कोणी असेल तिने या माणसाचं वाटोळं केलं आहे. वीस विषयांची उत्तरं लिहून द्यायची, घोकून घ्यायची, की झालं शिकवणं. अशा शिक्षकांना वर्गाबाहेर उभं केलं पाहिजे.

८ ऑक्टोबर

वाक्प्रचार एकशे चारपर्यंत आले. चिठ्ठ्या पेटीत भरून ठेवते आणि तासाच्या शेवटी पाच-सहा बर्नाटवर करून बघते. मुलांना समजतील की नाही, याचा अंदाज येतो.

काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात. दोन्हीकडे गोगलगायीची चाल आहे, दोन्हीकडे वेगाने मान मोडते. पण इंग्रज माणूस लगेच काही करायला निघाला की टोपी खाली पडते, आणि आपण घाई केली की घोडा मरतो. हंगेरियन माणसाच्या घाईत घोडा का मरावा, याचा मी चाळीस वर्षांत विचार केला नव्हता. बर्नाट म्हणाला की मेलेला घोडा मागे टाकून माणूस पुढे पायी जातो, म्हणजे शेवटी उशीरच. त्याच्या तोंडून चार वाक्यं सलग ऐकली, पण ती हंगेरियनमध्ये होती.

'टेक युअर टाइम'समोर मी 'तातार मागे लागलेला नाही' असं लिहिलं होतं. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"आठशे वर्षांपूर्वी एकदा लागला होता ना पण," तो म्हणाला. "हिवाळ्यात. नदी गोठली आणि त्यांचं सैन्य चालत पार झालं. म्हणून आम्ही अजून बर्फ फोडतो."

गंमत करतोय की खरंच सांगतोय, ते याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

२२ ऑक्टोबर

परवा वेंडेल नावाचा नामदिवस, म्हणजे बर्नाटचाच सण होता; बर्नाट हे त्याचं आडनाव. फोन करायचं मी विसरले. आज बायकोने केलेल्या केकचा तुकडा त्याने रुमालात बांधून आणला. मी कॉफी केली. साखरेचं भांडं त्याने माझ्यासमोरून उचलून स्वतःकडे घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही घेत नाही, मला दोन लागतात." मी घेत नाही हे याला कुणी सांगितलं? बाजारात कोणी सांगितलं असेल. या गावात बायकांना दुसरं काम नाही.

केक खसखशीचा होता आणि बरा होता.

१२ नोव्हेंबर

आज बोलता बोलता माझी गोष्ट निघाली. नव्वद साली रशियन भाषा शाळांमधून गेली तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. गावातल्या आम्हा अकराही रशियनच्या शिक्षकांना सांगितलं, दुसरी भाषा शिका नाहीतर घरी बसा. दिवसा शिकवायचं, शनिवार-रविवारी शिकायचं, आणि तीन वर्षांत मी इंग्रजीची शिक्षिका झाले. अकरांतले चारच टिकले. मी सगळ्यांत आधी झाले, हे त्याला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अजून अभिमान आहे.

"त्रास झाला असेल," बर्नाट म्हणाला.

अजिबात नाही, मी म्हटलं.

इथे खरं लिहिते. पहिली काही वर्षं मी वर्गाच्या एक धडा पुढे असायचे, कधी अर्धाच. सकाळी कणीक मळताना वाचायचं आणि संध्याकाळी शिकवायचं. पुस्तकात वाचलेल्या मजकुराला पेन्सिलीची खूण, बाकीचं कोरं. मुलांना कधी कळलं नाही. शिक्षकाचा आवाज खणखणीत असला की मुलं पुस्तकात डोकावत नाहीत.

लेंकेचा फोन आला होता. तू अजून उभ्यानेच जेवतेस का, असं विचारत होती. माझा नवरा कलमान गेल्यावर एका ताटासाठी टेबल मांडावंसं वाटत नाही, हे तिला किती वेळा सांगायचं?

३ डिसेंबर

आज वाद झाला. वाद म्हणजे मी बोलले आणि तो गप्प राहिला.

त्याची एक खोड आहे. पुस्तकातला कोणताही विषय मी पुढे ढकलला की लगेच विचारतो, "बाई, हे आलं तर?" संग्रहालयं आली तर? पाळीव प्राणी आले तर? सव्वीस विषय आहेत, मंगळवार मोजके, जून ठरलेला. एकही पान तो उलटू देत नाही. आज पर्यटनाचा विषय होता. मी वैतागून म्हटलं, "सोडून द्या हा. येणार नाही."

त्याने पेनाला टोपण लावलं. वही मिटली, हात वहीवर ठेवले आणि खिडकीकडे बघत बसला. मला वाटलं, रागावला. पण चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता. मग म्हणाला, "सोडू नका, बाई." एवढंच.

मग पर्यटन केलं, पूर्ण केलं. सहा चाळीसची फेरीबोट त्याची चुकली आणि त्याला धक्क्यावर तासभर थंडीत बसावं लागलं. स्वतःच्या हट्टापायी माणूस गारठतो, त्याला मी काय करणार? तरी वाईट वाटलं.

२४ डिसेंबर

बर्नाटकडून काचेच्या मोठ्या बरणीत माशाचं लाल कालवण आलं. बोर्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, शेवया वेगळ्या बांधून दिल्या होत्या. टेबलाशी बसून जेवले, कारण हे कालवण उभ्याने खाल्लं की अंगावर सांडतं.

२१ जानेवारी २०२०

प्रगती आहे. आज पहिल्यांदा त्याने स्वतःचं वाक्य केलं. विषय ऋतू होता. पाठ केलेला परिच्छेद मध्येच टाकून तो म्हणाला की बुडापेस्टला आज चढलेलं पाणी आमच्याकडे तीन दिवसांनी पोचतं, म्हणून आम्हाला घाई करायला तीन दिवस मिळतात. व्याकरणाच्या चार चुका. मी चारही सांगितल्या. त्याने त्या लिहून घेतल्या आणि मग हसला. दात बरे आहेत त्याचे, आजवर दिसले नव्हते.

एकदा परीक्षेला बसला होता, हेही आज सांगितलं. सत्त्याण्णवच्या वसंतात. चिठ्ठी उचलली आणि एक शब्द फुटला नाही. समोरच्या तिघांनी सात मिनिटं वाट बघितली. मग त्याने थँक यू म्हटलं आणि उठला. परत गेला नाही. पुढे लग्न, मुली, पूर. कोणती चिठ्ठी होती, असं विचारलं तर आठवत नाही म्हणाला.

प्रकाशकाच्या होल्लोशीबाईंचं पत्र आलं, काम कुठवर आलं म्हणून. एकशे एकाहत्तर, असं कळवलं.

११ फेब्रुवारी

कालपर्यंत शिकलेलं आज घसरलं. पुन्हा घोकंपट्टी. याचं मूळ कुठे आहे ते बघायचं म्हणून मी त्याची शहाण्णवची जुनी वही मागितली. सापडत नाही म्हणाला. ही चौथ्यांदा मागितली. ज्या माणसाला चाळीस वर्षांच्या पाण्याच्या पातळ्या तारखेवार सापडतात, त्याला एक वही सापडत नाही.

२८ फेब्रुवारी

हिवाळा पळवून लावायची जत्रा संपली, मुखवटे उतरले, रस्त्यांवरचा पेंढा अजून तसाच आहे. बाजारात बोर्का भेटली. ठेंगणी, बोलकी बाई, कोबी निवडत होती. वहीचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "सापडत नाही कुठली? कपाटात वरच आहे. मुलींना हात लावू देत नाही तिला. थांबा, मी धाडते." मी म्हटलं, त्यांना सांगू नका, उगाच ओशाळतील. बोर्काला हे फार पटलं.

१ मार्च, रविवार

वही काल आली. आज सकाळी उघडली.

निळं पुठ्ठ्याचं कव्हर. आत वीस विषय, प्रत्येकाला दोन पानं. अक्षर बर्नाटचं, आजच्यासारखंच, वीटकाम केल्यासारखं. समासात लाल शाईने दुरुस्त्या. बरोबरची खूण खाली शेपूट ओढून केलेली. अशी खूण मला माझ्या रशियनच्या बाईंनी शिकवली आणि या गावात तशी करणारी दुसरी कोणी नाही.

तेराव्या विषयानंतर मथळा आहे, 'विषय चौदावा: वेग आणि आजचं आयुष्य'. खाली कोरं. पुढचं पानही कोरं. मथळ्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: बाई म्हणाल्या, सोडून द्या, येणार नाही.

पंधरावा विषय कुटुंब, सोळावा हवामान. ते मला येत होते.

दुपारी जेवले नाही. पुन्हा पुन्हा तेच पान उघडलं. तो वर्ग मला आठवतो. चाळीस माणसं, ओल्या कोटांचा वास, हीटरची घरघर. चेहरा एकही आठवत नाही. चौदावा विषय मी वाचला नव्हता. त्या आठवड्यात कलमानचं पहिलं ऑपरेशन होतं. पण ती सबब नाही, कारण पुढच्या आठवड्यात वाचता आला असता. पुढे गेले, कारण मागे जायची मला सवय नाही.

सत्त्याण्णवला त्याने उचललेली चिठ्ठी हीच असणार. तेवीस वर्षं. त्यातली अकरा प्रभारी.

मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१० मार्च

तास झाला. वहीचं बोलले नाही. तो पावणेपाचला बाकावर, मी आतून पडद्याआडून बघत उभी. नेहमी हाक मारते, आज धीर झाला नाही. पाचला तोच आत आला.

मी वेळापत्रक नव्याने लिहून ठेवलं होतं. मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत दर मंगळवारी दोन विषय, आणि शेवटच्या मंगळवारी फक्त वेग. या पुस्तकात तो सातवा आहे आणि आमचा ऑक्टोबरात झाला आहे. कागद वाचून त्याने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होते.

"झालाय ना हा?" तो म्हणाला.

पुन्हा करू, मी म्हटलं.

मनाशी ठरवलंय. आधी याला पास करायचं, मग सांगायचं. कागद हातात पडला की सांगणं सोपं जाईल. कोणाला सोपं, ते लिहीत नाही.

१७ मार्च

साथीमुळे शाळा बंद, घरोघरच्या शिकवण्याही बंद. तास फोनवर. फोनवर तो आणखी सावकाश बोलतो आणि मध्ये नुसता श्वास ऐकू येतो. मी कोंबडी लावली नाही. ती वाजली असती तर त्याला वाटलं असतं, स्वयंपाकघरात काहीतरी करपतंय.

बांधावरची कामं मात्र चालू आहेत. नदीला कोणी घरी बसवू शकत नाही, म्हणाला.

३१ मार्च

पासष्टीच्या वरच्यांनी नऊ ते बारातच दुकानात जायचं असा नियम आला. आयुष्यभर दुपारी बाजार केला, आता वेळ सरकार ठरवणार.

परीक्षा पुढे ढकलल्या. कधी होतील, कोणी सांगत नाही. तीस जून मात्र जागच्या जागी आहे. बर्नाटला फोन केला. तो म्हणाला, बघू. हा बघू मला ओळखीचा आहे. पाणी चढायला लागलं की बांधावरची माणसं असंच म्हणतात.

होल्लोशीबाईंकडे मुदत मागितली, महिनाभर. उभ्या आयुष्यात मी कधी मुदत मागितली नव्हती. त्यांनी लगेच दिली, जणू वाटच बघत होत्या. दोनशे कधीच भरले आहेत. पण घाईघाईने भरलेले वाटतात, एकेक पुन्हा बघते आहे. वेळ शिशाच्या पायांनी चालतो, असं आपण म्हणतो. हे मी सप्टेंबरात दोन मिनिटांत लिहून पुढे गेले होते.

११ एप्रिल, शनिवार

काल रेडिओवर ऐकलं आणि आज पेपरात आलं. ज्यांची बाकी सगळी परीक्षा झाली आहे त्यांना या वर्षी भाषेच्या परीक्षेशिवाय पदवी मिळणार. सरसकट सगळ्यांना. अर्जसुद्धा नको.

लेंकेने फोन करून अभिनंदन केलं, जणू मीच पास झाले.

पहिल्यांदा राग आला. सात महिने, एकोणीस-वीस विषय, त्या माणसाने थंडीत चुकवलेली फेरीबोट, आणि आता फुकट? मग राग कशाचा आला ते कळलं आणि आणखी लाज वाटली. त्याची जागा वाचली, तो प्रभारी राहणार नाही, हीच तर गोष्ट होती. आणि मी बसले होते ती माझ्या हातून व्हावी म्हणून.

आता सांगायलाही निमित्त उरलं नाही. वही माझ्याकडेच आहे. बोर्काकडे देऊन टाकावी.

१४ एप्रिल, मंगळवार

काल ईस्टरच्या सोमवारी प्रथेप्रमाणे बायकांच्या अंगावर पाणी शिंपडायला कोणी आलं नाही. शिंपडणाऱ्यांना द्यायला रंगवलेली सहा अंडी तशीच राहिली.

आज साडेचारला सहज खिडकीशी गेले तर बाकावर बर्नाट. तोंडाला कापड बांधलेलं, टोपी मांडीवर. मी फाटकापर्यंत गेले आणि फाटक न उघडताच म्हटलं, आता कशाला आलात? कागद मिळेल ना. तो म्हणाला, मिळेल, जूनच्या आत मिळेल, कॉलेजला फोन केला होता. मंगळवार आहे म्हणून आलो.

मी आत जाऊन वही आणली आणि फाटकावरून पुढे केली. त्याने घेतली नाही. नुसती बघितली.

"बोर्का," तो म्हणाला.

"तिला बोलू नका. मी मागितली." पुढचं मी भराभरा बोलून टाकणार होते, तोंडात तयार होतं, गेले दीड महिने तयार होतं. सुरुवात केली आणि शब्द एकमेकांत अडकले.

"सावकाश, बाई," बर्नाट म्हणाला. "तातार मागे लागलेला नाही."

मग मी सावकाश सांगितलं. चौदावा विषय मी सोडायला सांगितला कारण मीच तो वाचला नव्हता. येणार नाही, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

"माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मी पहिल्या बाकावर होतो. तुमच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा तेराव्यापर्यंतच होत्या."

मला राग आला, खरंच आला. मी म्हटलं, माहीत होतं तर स्वतः का नाही वाचलात? पुस्तक तर तुमच्याकडेही होतं.

त्याने टोपीची किनार चाचपली. "बाई म्हणाल्या, येणार नाही."

मी विचारलं, मग सगळं गाव सोडून माझ्याचकडे कशाला आलात? तो म्हणाला, तेरा विषय चांगले शिकवले होते. पुढे म्हणाला, "चौदावा तेवढा ऐका माझा. ऑक्टोबरात झाला तो पुस्तकातला होता."

तो बाकावर, मी फाटकाच्या आत दगडी कठड्यावर. इंग्रजीत बोलला. दोन हजार तेराच्या जूनमध्ये नदी आजवरच्या सर्वांत उंच चढली, तेव्हा बांधावर तीनशे माणसं होती आणि सगळी धावत होती. धावणारा माणूस वाळूची पिशवी वाकडी ठेवतो, आणि वाकड्या पिशवीतून पाणी येतं. म्हणून त्याने सगळ्यांना चालायला लावलं. वरून साहेब ओरडत होते, घोडा मरेपर्यंत पळा म्हणत होते, हा म्हणत होता चाला. हे घोड्याचं त्याने इंग्रजीत जसंच्या तसं घातलं, इंग्रजाला अजिबात कळणार नाही. मग बांध राहिला, असं म्हणाला. मध्ये दोनदा थांबला आणि नदीकडे बघितलं. खिडकीकडे बघायची त्याची सवय आता कळली. माझी खिडकी नदीच्या बाजूला आहे.

त्याला किती मिनिटं लागली, माहीत नाही. कोंबडी आत फळीवर होती.

जाताना वही त्याने माझ्याकडून घेतली. मी त्याला सहाही अंडी दिली.

२७ एप्रिल

पुस्तक सेगेदला रवाना झालं. 'टेक युअर टाइम'समोर तातार आहेच.

१९ मे, मंगळवार

बर्नाटच्या कचेरीच्या दारावरची पत्र्याची पाटी बदलली नाही, 'प्रभारी'वर रंग मारला एवढंच. रंग ताजा आहे म्हणून शब्द अजून खालून दिसतो, म्हणाला. तो सत्तावीस वर्षांचा मुलगा त्याच्या हाताखाली आलाय आणि त्याला रबरी बूट दिले आहेत. परीक्षा पुन्हा सुरू झाल्या की बसणार आहे म्हणतो. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

निळी वही तपासायला दिली आहे. चौदाव्या विषयाची दोन्ही पानं भरली आहेत, तेच वीटकामाचं अक्षर. पेन्सिलीची जुनी ओळ त्याने खोडलेली नाही.

लाल पेन घेऊन बसले. क्षणभर वाटलं, हे असंच असू द्यावं, माझा हात लागू नये. मग वाचायला लागले. अकरा चुका होत्या. अकराही दुरुस्त केल्या, एकही सोडली नाही.